कै. अनादि कुंडू

बाघाजतीनच्या बाजारात मासे विकणारा निताई अनादि कुंडूंना लांबून पाहिलं की विळीवरचा हात थांबवायचा आणि मोठ्या भक्तिभावाने नमस्कार करायचा. “काय हे अनादिदा! तिकडे तुमचे मुलगे सुतकात, बिचारे उकडलेल्या केळ्यावर दिवस काढतायत, आणि मेलेला माणूस इथे कोइ मासे निवडतोय?” आजूबाजूचे हसायचे. ‘मल्लिकबाडी’ मालिकेतलं ते सुतक फिटून वर्षं लोटली, पण निताईचा विनोद काही फिटला नाही. अनादिबाबूही टोपलीतला एखादा वळवळता मासा बोटाने दाखवत म्हणायचे, “अरे, स्वर्गात सगळं मिळतं, कोइ तेवढा मिळत नाही. म्हणून खाली यावं लागतं.”

टपाल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस. दर दुर्गापूजेला क्लबाच्या नाटकात म्हातारा जमीनदार करायचा. आवाज खर्जातला, नाक सरळ आणि ताठा नाकाहून सरळ. कॅमेऱ्यासमोर त्यांनी आयुष्यात तीनच दिवस काम केलं आणि तिसऱ्या दिवशी ते मेले. मालिकेतल्या एकत्र कुटुंबाचे कर्ते, ब्रजनाथ मल्लिक. त्यांनी तिन्ही मुलांचे हात एकमेकांच्या हातात दिले, “चूल एकच ठेवा रे” एवढं म्हटलं आणि मान टाकली. पुढे सहा वर्षं मालिका चालली ती त्या एका वाक्यावर, आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या हार घातलेल्या फोटोवर. सुनेला रडू आलं की ती त्या फोटोसमोर जायची. धाकट्याच्या मनात वेगळं व्हायचं आलं की कॅमेरा फोटोवर जायचा, शंख वाजायचा आणि धाकटा खाली मान घालायचा. जिवंतपणी ज्यांना टपालाच्या खिडकीपलीकडे कुणी ओळखलं नाही, त्यांना मेल्यावर सगळा बंगाल ओळखू लागला. रिक्षावाले उतरून पाया पडायचे.

तो फोटो खरा होता. स्टुडिओवाल्यांनी सांगितलं होतं, घरातला एखादा जुना, हसरा फोटो आणा. अनादिबाबूंनी दिला तो पुरीच्या समुद्रावरचा. त्यात त्यांच्या शेजारी त्यांची मुलगी टुकु उभी होती, बापाच्या खांद्यावर हात टाकून. स्टुडिओत टुकुला कापून काढलं आणि बापाला मोठं केलं, पण खांद्यावर तिच्या चार बोटांची टोकं राहिलीच. बघणाऱ्यांना ती शर्टाची घडी वाटायची. दुसरा फोटोच नव्हता घरात, असं अनादिबाबू सांगायचे. होता, हे त्यांच्या बायकोला, रेबाला, पक्कं ठाऊक होतं.

ज्या दिवशी मालिकेत ते मेले त्या संध्याकाळी कपाळावरचे चंदनाचे ठिपके पुसायचेही विसरून अनादिबाबू घरी आले, तर रेबा दारात उभी. एका हातात लोखंडी किल्ली, दुसऱ्यात कडुलिंबाची डहाळी.

“पान चावा आधी. लोखंडाला हात लावा. मग आत या.”

“अगं, मी काय कुणाला पोचवून आलोय?”

“स्वतःलाच पोचवून आलात ना? चावा.”

त्यांनी निमूट पान चावलं. खोटी मरणाची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, हे त्यांनी तिला दहादा सांगितलं. पण जित्या माणसाच्या फोटोला हार ही गोष्ट रेबाला शेवटपर्यंत सोसली नाही. संध्याकाळी दिवा लावून, शंख फुंकून ती नवऱ्याशेजारी मालिका बघायला बसायची, आणि फोटो आला रे आला की नजर वळवून “दुर्गा, दुर्गा” म्हणत नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. गुडघा ऊब धरून आहे याची खात्री झाली की हात काढून घ्यायची. हे रोज चालायचं. मालिकेतल्या कुणाला जास्तच रडू आलं आणि फोटो वरचेवर दिसू लागला, तर हात तिथेच राहायचा.

आता टुकुचं सांगायला हवं, कारण तिच्यावाचून या माणसाची गोष्ट म्हणजे मीठ नसलेली डाळ.

एकुलती एक मुलगी. लाडाची, आणि हट्टाला थेट बापावर गेलेली. मालिका सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी तिने घरी सांगितलं की कृष्णनगरच्या मृगांकशी लग्न करणार. मृगांकचं औषधांचं दुकान होतं, स्वभावाने गरीब माणूस. पण बिजवर. पहिल्या बायकोशी रीतसर फारकत झालेली. अनादिबाबूंच्या डोक्यात तो एकच शब्द बसला. लोकांनी टाकलेलं ताट माझ्या पोरीपुढे, असं काहीतरी ते बोलले. तिनेही मागेपुढे बघितलं नाही. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी, क्लबाच्या रंगमंचावर बोलायचे त्याच खर्जातल्या आवाजात, अनादिबाबूंनी म्हटलं, “त्याच्याशी लग्न करून पुन्हा या घराचा उंबरा ओलांडलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!” टुकु पिशवी घेऊन निघाली. रेबा तिच्यामागे धावायला लागली तशी त्यांनी वळून तिलाही सुनावलं, “तू तिला भेटायला गेलीस, तर तुलाही तेच. माझ्या डोक्याची शपथ.”

शपथ घालणाऱ्याचं काय जातं? तोंडच वापरायचं असतं. जड जातं ते पाळणाऱ्याला. आणि रेबा पाळणारी होती. कपाळावरचं कुंकू आणि हातातली शंखाची बांगडी यांच्यापुढे तिने देवालाही दुय्यम मानलं असतं. नवऱ्याच्या डोक्याची शपथ मोडायची आणि उद्या त्याला काही झालं तर? त्या भीतीने ती लेकीच्या लग्नाला गेली नाही, बाळंतपणाला गेली नाही. नात झाली, तिन्नी नाव ठेवलं, मुलीला पहिला भात भरवला, हे सगळं तिने फोनवर ऐकलं. फोनही साधा बटणांचा. त्यातून नातीचा आवाज यायचा, चेहरा नाही.

दुपारी अनादिबाबू क्लबात कॅरम खेळायला गेले की रेबा फोन लावायची. हे त्यांना माहीत होतं. परत येताना ते फाटकाशी उभे राहून मुद्दाम दोनदा मोठ्याने खोकायचे, म्हणजे रेबाला फोन ठेवायला सवड मिळावी. एवढं करायचे, आणि स्वतःला फार उदार समजायचे. इथे या माणसाचा राग येतो. ज्याला खोकता येत होतं त्याला एक वाक्य बोलता येत नव्हतं?

रेबाने मागितलं नाही असंही नाही. एकदा मालिकेतच तसा प्रसंग आला. ब्रजनाथ मल्लिकांची पळून गेलेली मुलगी पोइला बैशाखच्या, म्हणजे नववर्षाच्या, सकाळी दारात येऊन उभी राहते. सगळं घर गोळा होतं. थोरला भाऊ बापाच्या फोटोकडे बघतो आणि म्हणतो, “बाबा असते तर त्यांनी तुला कधीच आत घेतलं असतं गं.” मग मुलगी आत येते, बायका मंगल उलूध्वनी करतात, सगळे रडतात. अनादिबाबूही रडले. चष्मा काढून, नाक ओढून, मनापासून रडले. रेबाचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. ती टीव्हीकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती.

“ऐकलंत, टुकुचे बाबा? मेलेला माणूस माफ करतो म्हणे.”

“ते लेखकाने लिहिलंय.”

“मग तुमचं कुणी लिहायचं?”

त्यांनी चष्मा पुसला.

“एकच वाक्य आहे हो,” रेबा म्हणाली. “शपथ मागे घेतली, एवढं म्हणा. मोठ्याने नको. मला ऐकू येईल इतपत म्हणा. बाकी मी बघते.”

“तिने यावं. पाया पडावं. मग बघू.”

“येईल कशी? तुम्हीच दार बंद करून तुमचं मढं आडवं टाकून ठेवलंय.”

“जाहिरात संपली, बघ आता,” अनादिबाबू म्हणाले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची तर मेल्यावरही गेली नाही.

रेबा गेली ती पूजेच्या आधीच्या डेंग्यूत. ताप आला, उतरला, सगळ्यांना वाटलं सुटली, आणि मग ताप पुन्हा चढला, दोन दिवसांत संपलं. ग्लानीत ती मधूनच हात लांब करून काहीतरी चाचपायची. अनादिबाबूंनी आपला गुडघा खाटेजवळ सरकवला. तिचा हात त्यावर आला तेव्हा तो गुडघ्याहून गरम होता.

इस्पितळातून तिला घरी आणलं. बायकांनी लाल काठाची साडी नेसवली, पायांना अळता लावला, भांगात कुंकू भरलं. कुंकवासकट गेली, भाग्याची, असं सगळ्या म्हणाल्या. तेवढ्यात गल्लीत टुकु आली. एकटीच. केस विस्कटलेले, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरीच. मढं गाडीत ठेवत होते. तिने आईच्या पायांवर डोकं टेकलं, अळता कपाळाला लागला. मग ती सरळ उभी राहिली आणि तिने घराकडे बघितलं.

अनादिबाबू उंबऱ्यात उभे होते. मध्ये पाच पावलांचंही अंतर नव्हतं. गल्लीतली सगळी माणसं बघत होती. निताईही आला होता, त्याने खांद्यावरचा गमछा तोंडाशी धरला. दोन शब्द हवे होते, ‘आत ये’. ते गळ्यापर्यंत आले होते, असं पुढे अनादिबाबू स्वतःशी पुष्कळदा म्हणायचे. पण इतक्या लोकांसमोर, इतक्या वर्षांनी, आणि तेही आज? आज म्हटलं तर त्याचा अर्थ असा झाला असता की काल म्हणता आलं असतं. त्या अर्थाला ते घाबरले.

“उशीर होतोय,” ते म्हणाले. “चला, उचला.”

टुकु घाटापर्यंत गाडीत बसून आली. तिथून परस्पर स्टेशनला गेली. लग्न झालेल्या मुलीने आईचं चौथ्या दिवसाचं करायचं असतं, ते तिने आपल्या घरी केलं.

त्यानंतर मालिका अनादिबाबू एकटेच बघू लागले. फोटो यायचा, जायचा. पुढच्या चैत्रात ‘मल्लिकबाडी’ संपली. शेवटच्या भागात सगळ्या कुटुंबाने फोटोला फुलं वाहिली, नवीन सून वाकली, शंख वाजला, नावं वर सरकली. अनादिबाबूंचं नाव शेवटच्या ओळींमध्ये कुठेतरी होतं, वाचायच्या आत गेलं. त्यांनी आपल्याच गुडघ्यावर आपला हात ठेवून बघितला आणि मग ते रेबा गेल्यावरही रडले नव्हते तसे रडले.

चार दिवसांनी सेटवरचं सामान सांभाळणारा नाडुगोपाल फोटो घेऊन घरी आला. “काकाबाबू, ठेवून घ्या. गोदामात उंदीर लागतील. हार काढलाय मी, जिवंत माणसाच्या घरात तसा कसा आणू?” अनादिबाबूंनी फोटो मांडीवर घेतला. त्यांना एकदम जाणवलं की टुकुनेही हा रोज बघितला असेल. मालिका कुणाच्या घरात लागत नव्हती? सहा वर्षं आपण रोज संध्याकाळी तिच्या घरी जात होतो, तेही मेलेलं तोंड घेऊन. आणि आता तेही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, गल्लीतल्या दुकानातून संदेश मिठाईचा डबा घेतला आणि सियालदहहून कृष्णनगरची गाडी पकडली. कृष्णनगर मिठाईचंच गाव, तिथे मिठाई घेऊन जायची म्हणजे हसं करून घ्यायचं, हे त्यांना अर्ध्या वाटेत सुचलं. डबा मग त्यांनी पिशवीत खाली ढकलला. गाडीभर ते एकच वाक्य मनात घोळवत होते. शपथ मागे घेतली. घरी ये. नाटकातली पानंच्या पानं पाठ करणारा माणूस, पण हे पाच शब्द पुन्हा पुन्हा विसरत होता.

मृगांकचं दुकान विचारत विचारत घर सापडलं. कडी वाजवली. आतून फिकट पिवळ्या रंगाचा फ्रॉक घातलेली एक मुलगी आली, पाचेक वर्षांची. नाक थेट रेबाचं. तिने दार उघडलं, वर बघितलं, आणि तिचे डोळे वाटीएवढे झाले.

“मा!” ती मागे न वळता ओरडली. “मेलेले दादू आलेत!”

अनादिबाबू हसायला गेले. बाजारात हसायचे तसं. पण ते हसू ओठांवर आलंच नाही.

“मी मेलो नाही गं, तिन्नी.”

“मेलात. तुम्हाला हार होता. आम्ही रोज नमस्कार करायचो.” ती थोडी मागे सरकली. “पाय दाखवा.”

त्यांनी धोतर जरा वर धरलं. तिने वाकून दोन्ही पावलं नीट पाहिली. “सरळ आहेत,” तिने आत कळवलं. “भूत नाहीये.”

स्वयंपाकघरातून टुकु आली. हाताला हळद, कानाशी दोन पांढरे केस. ती दाराशी थबकली. तिने पदराला हात पुसले, पुढे येऊन वाकली आणि बापाच्या पायांना हात लावला. मग एखाद्या लांबच्या नातेवाइकाला म्हणावं तसं म्हणाली, “बसा बाबा. पाणी आणते.”

अनादिबाबू खाटेच्या कडेवर बसले. पाणी त्यांनी हातातच धरून ठेवलं.

“टुकु, तू हिला सांगितलंस मी मेलो म्हणून?”

“नाही.” ती शांत होती. “टीव्हीवर दाखवून मी एवढंच म्हटलं, ते बघ तुझे दादू. हार बघून तीच समजली. मी दुरुस्त केलं नाही, बस.”

“का?”

“दुरुस्त केलं असतं तर तिने विचारलं असतं, मग आपण त्यांच्याकडे का जात नाही? काय सांगायचं होतं बाबा? मेलेला दादू पोरीला समजतो. जिवंत असून न येणारा कसा समजावायचा?”

अनादिबाबूंनी पेला खाली ठेवला. गाडीत पाठ केलेलं वाक्य आता आठवलं, आणि त्यांनी ते म्हटलं. खर्जात नाही, नाटकी नाही, अगदी हलक्या आवाजात. “शपथ मागे घेतली गं. चुकलो मी. घरी ये.”

टुकुने खाली ठेवलेला पेला उचलला. मग ती म्हणाली, “मी शपथबिपथ मानत नाही बाबा. कधीच मानत नव्हते. मा मानायची. मी उंबरा ओलांडला असता तर ती रोज श्वास बघायला तुमच्या नाकाशी सूत धरून बसली असती. तिच्यासाठी थांबले मी.” तिचा आवाज जरा हलला. “आता कुणाकडे येऊ? माहेर म्हणतात ते आईचं घर. चांगलं वाक्य आहे तुमचं. पण ज्या बाईला ऐकायचं होतं तिला नाही ऐकू आलं.”

“ती म्हणायची, मला ऐकू येईल इतपतच म्हणा.”

“माहीत आहे. फोनवर रडायची.”

टुकु उठली. “डाळीला फोडणी द्यायचीय. जेवून जा. रुई मासा आणलाय.”

“थांबलो तर चालेल? संध्याकाळपर्यंत?”

“थांबा की. मृगांक येतील सातला. त्यांनाही बघू दे तुम्हाला.” ती म्हणाली, पण ‘राहा’ म्हणाली नाही.

इतका वेळ तिन्नी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मोठ्यांचं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावर एक हिशेब चालला होता. तिने अनादिबाबूंच्या मनगटाला बोट लावून बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. तिथे रेबाचा, तिच्या दिदाचा, फोटो होता, ताज्या निशिगंधाचा हार घातलेला. रेबा त्यात लाजून बाजूला बघत होती. तिन्नीने एकदा त्या हाराकडे पाहिलं, एकदा दादूंकडे, आणि तिचा चेहरा उजळला.

“दादू,” तिने विचारलं, “मग दिदा? ती मागून येतेय का?”

कुणी उत्तर द्यायच्या आत ती उठून दाराकडे पळाली. उंबऱ्यावर टाचा उंचावून उभी राहिली आणि स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली. तिला आत बोलवायला हवं होतं. टुकु हळदीचे हात घेऊन तशीच उभी होती, अनादिबाबू खाटेवर बसले होते, आणि ते दोन शब्द दोघांनाही म्हणता येईनात.